खोपीमागची चार रोपं

त्या साली पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो परत फिरकलाच नाही. ज्वारीनं कमरेएवढं होऊन मान टाकली. शेलूबाजारच्या उकंडराव माळ्याच्या मळ्यातली विहीर पौषातच तळाला गेली. पहाटे मोट जुंपली की वीस-पंचवीस मोटा पाणी निघायचं, मग मोटेतून नुसता चिखल यायचा. तेव्हा बैल सोडायचे आणि झरे भरेपर्यंत दुसऱ्या पहाटेची वाट पाहायची.

मळा उकंडरावाचा म्हणायचा, पण जमीन आणि विहीर गुलाबराव पाटलाची. पाटलाला संत्र्याची बाग लावायची हौस आली होती. त्यानं उकंडरावाला दोन वर्षांपूर्वी शब्द दिला होता की पाचशे कलमं बांधून दे, मळा बारा वर्षं तूच कर. नाही जमलं तर वरुडकडचा एक माळी मळा मागायला दोनदा येऊन गेलाच होता.

उकंडरावानं जंबुरीचं बी टाकलं. जंबुरी म्हणजे रानटी, आंबट, काटेरी लिंबू. पण त्याचं मूळ चिवट. त्याच्या खोडात संत्र्याचा डोळा बसवायचा, म्हणजे खाली जंबुरी आणि वर संत्रं. सहा लांब वाफ्यांत मिळून सहाशे रोपं होती. करंगळीएवढी जाड झाली होती. माघात डोळे भरायचं ठरलं होतं, आणि नेमकी त्याच्या तोंडावर रोपं रुसली.

रुसली तीही सगळी नाहीत. पूर्वेच्या काटेरी कुपाटीला लागून असलेले दोन वाफे आधी. पानं द्रोणासारखी दुमडली, कडा करपल्या, शेंड्याची कोवळी पालवी आली तशी गळून गेली. पाणी सगळ्या वाफ्यांना सारखं, आठव्या दिवशी. माती एक, खत एक. उकंडराव वाकून वाकून मुळाशी बोट घालून पाही आणि तसाच उठे. त्यानं एका रोपाला चाकू लावून पाहिला. एक चीर आडवी, एक उभी, आणि चाकूच्या हाडाच्या मुठीनं साल उचलायची. रोपात रस चढलेला असला तर साल ओल्या शेंगेच्या टरफलासारखी सुटते. इथं ती लाकडाला घट्ट चिकटलेली होती. ओढली तर फाटून हातात आली.

“साल सुटत नाई,” एवढंच तो घरात येऊन म्हणाला.

त्याची बायको गोजराबाई तव्यावरची भाकर उलटता उलटता थांबली. तिच्या मनात जे पंधरा दिवसांपासून होतं ते तिनं त्या दिवशी बोलून दाखवलं. बोलली चुलीकडे पाहून, पण ऐकायचं होतं ते दारामागं ज्वारी निवडत बसलेल्या सुनेला.

सून कस्तुरा. आसेगावची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. माळ्याच्या घरात बाईला चार दिवस बाहेर बसावं लागे आणि त्या दिवसांत तिनं रोपाला, पाटाच्या पाण्याला शिवायचं नाही, तिची सावलीसुद्धा कोवळ्या झाडावर पडू द्यायची नाही, हे कस्तुराला माहेरीही शिकवलेलं होतं. दरवर्षी त्या चार दिवसांसाठीची तिची खोपी घरामागं, विहिरीच्या अंगाला असे. यंदा विहिरीत पाणी उरलं होतं मूठभर, त्याला विटाळ नको म्हणून गोजराबाईनंच खोपी उचलून पूर्वेच्या टोकाला, कुपाटीजवळ नेली होती. आणि वाळले होते नेमके तेच दोन वाफे.

आता पुढच्या वेळी चार दिवस झाले की नथ्थूनं तिला आसेगावला नेऊन घालावं, असं गोजराबाईचं म्हणणं पडलं. कलमं जगली तर आणता येईल. नथ्थू, कस्तुराचा नवरा, मोटेच्या नाड्याला पीळ देत बसला होता. तो पीळ देतच राहिला. कस्तुराच्या आत्यालाही सासरच्यांनी असंच ‘मग आणू’ म्हणून माहेरी आणून घातलं होतं. ती आसेगावातच म्हातारी झाली.

त्या दिवसापासून कस्तुराला वाफ्यांकडे जायची बंदी झाली. अंघोळ झालेली असली तरी.

माघ लागला आणि ती पुन्हा त्याच खोपीत बसायला गेली. खोपी हलवायची तर परत विहिरीकडेच, आणि तिथल्या पाण्याला विटाळ नको होता. एक घोंगडी, एक पितळी, एक लोटा. खोपी केवढी, तर एक माणूस आडवं होईल एवढी. वाटेकडून कोणाची नजर पडू नये म्हणून पूर्वेच्या अंगानं तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, दाट कूड होता. गोजराबाई दोन हातांवरून भाकर तिच्या पितळीत टाकायची आणि लोट्यात वरून पाणी ओतायची. भाकर कधी पितळीत पडे, कधी बाहेर. कस्तुरा झटकून खाई. भाकरीवर बसायची धूळ मात्र झटकून जात नसे.

कारण कुपाटीच्या पलीकडून यंदा वाट सुरू झाली होती. मोठ्या सडकेवर गिट्टी टाकायचं काम चालू होतं, म्हणून कारंज्याला कापूस नेणाऱ्या गाड्या मळ्याच्या कडेच्या पांदणीनं वळवल्या होत्या. पावसाचा थेंब नाही, त्यात दिवसाला शंभर गाड्या. पांदणीतली माती दळून दळून पिठासारखी झाली होती. बैलांचे पाय त्यात घोट्यापर्यंत बुडत. एक रांग गेली की लाल-पिवळा लोट उठे आणि वाऱ्यासरशी कुपाटीतून आत येई. काट्याची कुपाटी गुरं अडवते, धूळ कशी अडवणार? कस्तुराच्या दातांत माती करकरे, नाकातून मातकट शेंबूड येई, पापण्या जड होत. घरातल्या माणसांना हे कळत नव्हतं असं नाही. पण गाड्या चालत ती वेळ मोट सुटल्यानंतरची. तेव्हा उकंडराव आणि नथ्थू पश्चिमेकडच्या वांग्या-मिरच्यांत, आणि गोजराबाई बाजारात माळवं विकायला. इथं दिवसभर बसून असणारी एकच, जिला कशाला हात लावायचा नाही ती.

एका गाडीवानानं तिला कुपाटीतून पाहिलं आणि बैल न थांबवता विचारलं, “काय वं माय, धुया मोजून राह्यली काय?”

ती पदर ओढून आत सरकली. पण तो गेल्यावर तिला वाटलं, खरंच, धूळ मोजायलाच बसलोत आपण. दुसरं काम काय?

मग ती पाहू लागली. अगदी नीट, जशी नवी बाई शेजारणीच्या घरात पाहते तशी. सकाळी दव असे तेव्हा रोपांची पानं उघडी असत. पहिली रांग आली की दवावर धूळ बसे आणि तिचा लेप होई. ऊन चढलं की लेप वाळून तडके आणि पान हळूहळू आत वळे. वळलेल्या पानाच्या खोलग्यात आणखी धूळ साचे. दुसऱ्या वाफ्यावर ती कमी, तिसऱ्यावर नुसती भुरकट, चौथ्यापासून पुढची पानं हिरवी दिसत. हे तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की जेवढी धूळ कमी तेवढं रोप उभं.

पण मग तिला आठवलं, की सावलीचंही तसंच आहे. जेवढी कस्तुरा लांब तेवढं रोप उभं. आत्याबाईंचं, म्हणजे सासूचं, खोटं कसं म्हणायचं?

ती उठून खोपीच्या दारात आली आणि पहिल्या वाफ्याकडे पाहत राहिली. वाटेकडून पाहिलं तर खोपीच्या अगदी मागं, तिच्या अंथरुणापासून तीन हातांवर, चार रोपं होती. ती चार रोपं हिरवी होती. पानं उघडी, स्वच्छ, शेंड्याला तांबूस कोंब. त्यांच्या डाव्या अंगाची करपलेली, उजव्या अंगाची करपलेली, आणि मधली ही चार जशी काही दुसऱ्या गावची. लांबून पाहणाऱ्याला ती दिसलीच नसती. पलीकडचे वाफे त्यांच्या आड येत, आणि विटाळाच्या खोपीजवळ कोणी फिरकत नसे.

सावलीनं मरायची असती तर आधी ही मेली असती.

तिला बसवेना. ती आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. तुराट्यांच्या कुडाला वाटेच्या बाजूनं बोटभर धूळ चढली होती. म्हणजे या चौघांची धूळ कूड खात होता. एवढं तर दिसत होतं. पण हे सांगितलं तर आत्याबाई म्हणतील, ते खोपीचं झालं. तुह्या सावलीचं काय? आणि कस्तुराला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. लहानपणापासून ती ऐकत आली होती की आपल्या अंगातून चार दिवस काहीतरी निघतं आणि कोवळं काही असेल ते जाळतं. कसं जाळतं, किती वेळात जाळतं, हे कधी कोणी पाहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तशी ती खोपीपासून आठ हात दूर, उघड्यावर जाऊन बसली. समोर करपलेल्यांतलंच एक रोप धरलं. त्याच्या बुंध्याशी मातीचं एक गोल ढेकूळ होतं, त्यावरून ओळखायला सोपं. तिनं पाठ सूर्याकडे केली आणि सरकत सरकत आपली सावली त्या रोपावर नेमकी पाडली.

पाडली खरी. रोप आत्ताच्या आत्ता खाली कोसळेल असं तिला वाटलं. ती डोळे मिटून बसली. उघडले तेव्हा रोप होतं तसंच होतं, आणि एक मुंगी त्याच्या काट्यावरून चढत होती.

ऊन चढेल तशी सावली आखडे, तशी ती पुढं सरके. वाफ्याच्या बांधापर्यंत जाई, बांधाला शिवत नसे. दुपारी सूर्य डोक्यावरून पलीकडे गेला की सावली पांदणीकडे वळे, मग तिचं काम संपे. पाठ भाजून निघे. मान अवघडे. ओटीपोटात कळ येई ती वेगळीच. त्या दिवशी तिनं भाकर अर्धीच खाल्ली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसली, चौथ्या दिवशी पुन्हा. गाड्यांची धूळ त्या रोपावर शेजाऱ्यांइतकीच बसत होती, तिच्या डोक्यावरही बसत होती. पण चौथ्या दिवशी दुपारी शेजारची रोपं पानं मिटून लटकली आणि हे एक मळक्या अंगानं का होईना, पानं उघडी ठेवून उभं होतं.

ती त्याच्याकडे पाहून हसली. मग आपण हसलो हे कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तिनं मागं वळून पाहिलं.

पाचव्या दिवशी पहाटे तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, लुगडं बदललं. अंगणात नथ्थू दमणी, माणसं बसायची हलकी गाडी, जुंपत होता. आसेगावला जायचं होतं. गोजराबाईनं तिचं गाठोडं बांधूनच ठेवलं होतं. त्यात दोन वांगी आणि मूठभर मिरच्याही घातल्या होत्या, विहिणीला. कस्तुरा गाठोड्याकडे न जाता सरळ पहिल्या वाफ्याकडे गेली. चार दिवस ज्याला हात लावता येत नव्हता ते पान तिनं बोटांत धरलं. धूळ बसलेलं पान सकाळच्या उन्हातही कोमट लागलं. खोपीमागचं पान धरलं तर गार.

उकंडराव तिथंच मोडलेला पाट लिंपत होता. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं तर नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या तोंडून. ती पदर कपाळाखाली ओढून पाठमोरी उभी राहिली आणि बोलली.

“मामाजी, जायाच्या आंधी एका रोपाले चाकू लावून पाहा.”

उकंडरावाचा चिखलाचा हात जागीच थांबला. सुनेचा आवाज त्यानं तीन वर्षांत एवढ्या जवळून ऐकला नव्हता.

“कोणत्या?”

“खोपीमागचं कोणतंही. अन् मंग ते ढेकळापाशीचं.”

त्यानं हात धुतले, कनवटीचा चाकू काढला. खोपीमागच्या रोपाला आडवी चीर दिली, उभी चीर दिली, मूठ घातली. साल आपसूक उचलली गेली. आतलं लाकूड ओलं, पांढरं, चकचकीत. त्यानं ते बोटानं चाचपून पाहिलं. मग शेजारच्या धुळकट रोपाला चाकू लावला, साल फाटली. मग ढेकळाजवळचं. तिथं साल सहज सुटली नाही, पण सुटली. जरा ओढली तेव्हा चिकटत चिकटत पूर्ण उचलून आली.

एव्हाना गोजराबाई आली होती. नथ्थूही कासरा हातात घेऊन आला.

“खोपीमागचं समजलं,” उकंडराव म्हणाला. “तथी कूड हाये, धूय अडते. पण हे कसं सुटलं?”

कस्तुरानं पदर आणखी खाली ओढला. आता गप्प बसलं तरी चाललं असतं. धुळीचं मामाजींना कळलंच होतं, कूड दिसतच होता. पण ती बोलून गेली.

“त्याच्यावर मी माही सावली पाडली. मुद्दाम. तीन दिवस, सकायपासून तं दुपारलोक.”

गोजराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. नथ्थूच्या हातातला कासरा खाली पडला. मग गोजराबाईचं तोंड सुटलं. घरात असली बाई नको, झाडालाच काय, उद्या माणसालाही विटाळ लावशील, आत्ताच्या आत्ता गाडीत बस, असं बरंच ती बोलली. 

उकंडरावानं मात्र ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो उभा राहून सूर्याकडे पाहत होता, मग रोपाकडे, मग सुनेच्या पायाखालच्या जमिनीकडे. तिथं तिच्या बसण्याच्या खुणा होत्या, बांधाच्या दिशेनं सरकत गेलेल्या.

“नथ्थू,” तो म्हणाला, “बैल सोड. दमणी नको, बंडी जुंप. पाटलाच्या वावरात तुराट्या पडल्या हायेत, त्या भरून आण.”

“अन् आसेगाव?” गोजराबाईनं विचारलं.

“आसेगाव काय पयून जाते काय?”

त्या दिवसापासून पाच दिवस घरातल्या चौघांनी दुसरं काम केलं नाही. नथ्थू तुराट्या आणी, उकंडराव खड्डे घेऊन मेढी रोवी, आणि दोघी बाया तुराट्या अंबाडीच्या दोरीनं आवळून कूड बांधत. हाताला तुराट्यांच्या सळा जात, बोटं सुजत. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण दोरीचं एक टोक एकीच्या हातात आणि दुसरं दुसरीच्या, त्यामुळं ओढताना तरी एकमेकींकडे पाहावं लागे. संध्याकाळी गाड्या थांबल्या की कस्तुरा एक बादली पाणी घेई, त्यात कडुनिंबाचा डहाळा बुडवी आणि एकेका रोपाची पानं पुसत जाई. एका बादलीत एक वाफा. शेवटच्या रोपापर्यंत बादलीतलं पाणी गढूळ लाल होई, मग तेही ती मुळाशी ओती.

आठवड्यानं पानं उघडली. पंधराव्या दिवशी पहिल्या वाफ्यात साल सुटायला लागली. उकंडरावानं विहिरीजवळच्या जुन्या संत्र्याच्या काड्या आणल्या आणि डोळे भरायला बसला. तो डोळा काढून खोडाच्या चिरेत बसवी आणि कस्तुरा केळीच्या सोपटानं पट्टी बांधी. डोळा उघडा ठेवायचा, वरखाली आवळायचं, फार नाही, कमी नाही. हे काम आजवर गोजराबाईचं होतं. पण तिला आता बारीक दिसत नसे, आणि तिनंच एका सकाळी सोपटाची जुडी कस्तुराच्या पुढ्यात टाकली. 

फाल्गुनात गुलाबराव पाटील घोडीवरून आला. वाफ्यावाफ्यातून फिरला, दहा-वीस पट्ट्या सोडवून पाहिल्या. डोळे हिरवे होते. त्यानं कुडाकडे पाहून विचारलं, की वाटेच्या बाजूनं हा किल्ला कशाला बांधला? उकंडरावानं सांगितलं, धुळीसाठी. पाटलाला हसू आलं, पण हिरव्या डोळ्यांपुढं त्याचं हसू टिकलं नाही. चारशे साठ कलमं लागली होती. राहिलेली चाळीस होळीपर्यंत पुरी कर, म्हणजे मळा तुझा, असं सांगून तो गेला. वरुडच्या माळ्याचं त्यानं नावही काढलं नाही.

चाळिसाची अडचण होती. डोळा भरायचा राहिला होता तो पहिल्या वाफ्याच्या उत्तर टोकालाच. तिथं तुराट्या कमी पडल्या होत्या, कूड विरळ होता. धूळ थोडी आत येईच, आणि ऊन तर आता फाल्गुनाचं. तिथली रोपं धड मरतही नव्हती आणि साल सोडायलाही तयार नव्हती. नथ्थू गावभर तुराट्या मागून आला. पण यंदा सरपणालाच कोणाकडे पुरेशा नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी कस्तुरा त्या टोकाला पानं पुसत असताना गोजराबाई आली. बाजारातून परतली होती, डोक्यावर रिकामी टोपली होती. तिनं टोपली खाली ठेवली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. उकंडराव विहिरीवर होता, नथ्थू मिरच्यांत.

“कोण्या अंगाले बसली व्हती वं तू?” तिनं विचारलं.

कस्तुराला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ती डहाळा हातात धरून उभीच राहिली.

“सकायी तं उगवतीच्या अंगाले,” ती हळूच म्हणाली. “आता दुपार कलली. आता मावळतीकून उभं राहा लागन.”

गोजराबाई वाफ्यातून पाय टाकत पलीकडे गेली. लुगड्याचा काष्टा सावरला, पदर दोन्ही हातांनी पसरला आणि सूर्याकडे पाठ करून उभी राहिली. तिची लांब, रुंद सावली एकदम तीन रोपांवर पडली. ती त्या सावलीकडे मान वाकडी करून पाहत राहिली, बोटं हलवून पाहिली, सावलीची बोटं हलली.

“मी तं आता बाहीर बसत नाई,” ती म्हणाली. “दहा वर्सं झाले. माह्या सावलीनंही लागू पडन का?”

“पाहू ना, आत्याबाई.”

“किती येळ?”

“सूर्य बुडेलोक. तुमी हालू नका. सरका लागलं का मी सांगतो.”

गोजराबाई हलली नाही. पांदणीनं गाड्यांची एक रांग आली, विरळ कुडातून धुळीचा लोट आत शिरला आणि तिच्या तोंडावर, डोक्यावर, पसरलेल्या पदरावर बसला. तिनं एकदा खाकरून थुंकलं.

“थोडं डावीकडं,” कस्तुरा म्हणाली, आणि गोजराबाई थोडी डावीकडं सरकली.